जुनेराचे दान

(मकरसंक्रमणानिमित्त झालेल्या महिलांच्या एकत्रीकरणातील भाषणाचा संपादित पाठ)



संक्रांत जवळ आली की वृत्तपत्रांच्या स्थानिक पानावर एक छायाचित्र ठरलेले असते. मध्यभागी एक वृद्ध, त्याच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेले ब्लँकेट, त्या घडीला एकाच वेळी स्पर्श करणारे पाच-सहा हात आणि सर्वांच्या नजरा छायाचित्रकाराकडे. त्या वृद्धाकडे पाहणारा त्या चित्रात सहसा कोणी नसतो. उपक्रम चांगला, हेतूही चांगला, त्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण पंचांग उघडून पाहिले तर एक साधी गोष्ट लक्षात येते. संक्रांत पौषात येते. ज्याला पांघरुणाची गरज होती त्याने कार्तिक, मार्गशीर्ष आणि बराचसा पौष कुडकुडत काढलेला असतो. पांघरूण त्याच्या हाती पडते तेव्हा थंडीने परतीची वाट धरलेली असते. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगताना सात्त्विक दानासाठी देश, काल आणि पात्र या तिन्हींचा विचार सांगितला आहे. त्यातील पात्राची चर्चा पुष्कळ होते, कालाची मात्र फारशी होत नाही.

आजचा विषय गोधडीचा आहे. ती घरी, हाताने शिवावी आणि ज्याला तिची गरज आहे त्याला द्यावी, एवढाच. विषय घरगुती वाटेल, कोणी म्हणेल की राष्ट्रकार्याची चर्चा करायला जमलेल्या भगिनींपुढे सुई-दोऱ्याची गोष्ट कशाला? पण दान कसे करावे आणि कसे करू नये हे शिकवणारी यापेक्षा चांगली वस्तू मराठी घरात सापडणे कठीण आहे.

गोधडी, वाकळ, लहान बाळाची असेल तर दुपटे. कर्नाटकाच्या सीमेकडे तिलाच कौदी म्हणतात. संस्कृतात तिला कंथा हे नाव आहे आणि नाथपंथी जोग्याच्या वेषात झोळीइतकेच या कंथेलाही स्थान आहे. बौद्ध भिक्षूंच्या परंपरेत टाकून दिलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, जोडून केलेले चीवर विशेष आदराचे मानले गेले. ज्या समाजाने चिंध्यांच्या वस्त्राला वैराग्याचे चिन्ह मानले, त्याच समाजाच्या घरात त्याच चिंध्यांतून नवजात बालकाचे पहिले पांघरूण होते, यात विसंगती काहीच नाही. बंगालमध्ये तिचा कांथा झाला, बिहारमध्ये सुजनी झाली, सिंध-कच्छ-राजस्थानच्या पट्ट्यात रल्ली झाली. मुजफ्फरपूर जिल्ह्यातील भुसुरा हे गाव सुजनीसाठी ओळखले जाते, आणि या सुजनीला 2006 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या भागात चितिरिया माँ नावाची एक देवता आहे, चिंध्यांची देवी. जुन्या कापडाचे तुकडे जोडून बाळासाठी सुजनी शिवायची, म्हणजे त्या देवीचा हात बाळावर राहतो, अशी तिथल्या मातांची श्रद्धा. ज्यांना अशा श्रद्धेचे हसू येते त्यांनी आपल्या आजीने बाळंतविड्यासाठी जपून ठेवलेले जुनेर आठवावे. नवे कापड बाळाच्या कातडीला खरखरीत लागते. शेकडो धुण्यांनी मऊ झालेले सुती लुगडे लागत नाही. श्रद्धेच्या मुळाशी असे रोजच्या अनुभवातले शहाणपण पुष्कळदा असते.

उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी समाज राहतो. शतकांपूर्वी आफ्रिकेतून या भूमीत आलेला आणि इथलाच झालेला हा समाज आहे. 2003 साली त्याचा समावेश अनुसूचित जमातींत झाला. त्यांच्यात हिंदू आहेत, मुस्लिम आहेत, ख्रिस्तीही आहेत, आणि घराघरांतील बोलीत कोकणी-मराठीचा अंश आहे. या तिन्ही धर्मांच्या सिद्दी स्त्रिया सारखीच गोधडी शिवतात, तिला त्या कवंदी म्हणतात. कडेपासून सुरुवात करून आत आत शिवत जायचे आणि शेवटी चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घडीची छोटी फुले बसवायची. पांघरुणाच्या उबेत त्या फुलांनी काडीची भर पडत नाही. तरीही फुले नसलेली कवंदी त्या उघडी समजतात, अपुरी समजतात. जंगलाच्या कडेला, हातावर पोट असलेल्या स्त्रियांची ही रीत आहे. शहरातल्या सुखवस्तू घरातून गरिबासाठी म्हणून जे कपडे बाहेर पडतात, त्यांच्या तुटलेल्या गुंड्याही कोणी लावून देत नाही. त्या शेजारी ही फुले ठेवून पाहावीत.

आता गोधडी शिवण्यात प्रत्यक्ष श्रम किती आहेत ते पाहू. एका मोठ्या माणसाची गोधडी साडेसहा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद धरली, आणि धावदोऱ्याच्या ओळी पाऊण-पाऊण इंचावर घातल्या, तर बहात्तर ओळी होतात. अर्ध्या इंचाला एक टाका धरला तर एका ओळीत दीडशेवर टाके. म्हणजे एका गोधडीसाठी सुई अकरा हजारांहून अधिक वेळा वर-खाली करावी लागते आणि जवळजवळ साडेचारशे ते पावणेपाचशे फूट दोरा लागतो. कडेची दुहेरी शिवण आणि ठिगळांची जोडणी यात धरलेली नाही. कापडाचे म्हणाल तर एका पाचवारी साडीतून जेमतेम दोन थर निघतात, नऊवारी लुगड्यातून तीन. चांगली जाड गोधडी पाच-सहा थरांची, म्हणजे तीन साड्या एकीत गेल्या. ऊब येते ती या थरांमध्ये अडकून राहणाऱ्या हवेमुळे. म्हणून दोरा फार आवळून घालायचा नसतो, तो आवळला की थर एकमेकांना चिकटतात आणि गोधडी जड होते पण उबदार होत नाही. जुन्या बायका हे भौतिकशास्त्र म्हणून शिकल्या नव्हत्या, पण नव्या सुनेचा हात घट्ट पडला की सासू पुन्हा उसवायला लावी ती उगीच नव्हे.

या अकरा हजार टाक्यांचा हिशेब मांडण्याचे कारण एका जुन्या कथेत आहे. कठोपनिषदाच्या आरंभी वाजश्रवस यज्ञ करतो आणि सर्वस्वाचे दान करतो. दक्षिणेच्या गायी नेल्या जात असताना त्याचा लहानगा मुलगा नचिकेता त्यांच्याकडे पाहतो. गायी थकलेल्या आहेत, भाकड आहेत, ज्यांच्यापासून आता काही मिळायचे नाही अशा आहेत. असले दान देणाऱ्याला कोणता लोक मिळणार, असा प्रश्न त्या मुलाच्या मनात उभा राहतो, आणि तो पित्याला विचारतो की मग मला कोणाला देणार? नचिकेत्याची कथा पुढे यमाच्या दारापर्यंत आणि आत्मविद्येपर्यंत जाते, म्हणून तिचा हा पहिला भाग झाकोळून जातो. पण ब्रह्मविद्येच्या त्या थोर संवादाला सुरुवात झाली ती निरुपयोगी वस्तूच्या दानामुळे, हे विसरता येत नाही. मुलाला दिसले ते पित्याला दिसत नव्हते. घराघरांतील मुलांना आजही ते दिसत असते, फक्त ती विचारत नाहीत.

26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामीच्या लाटांनी तामिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त केला. त्यानंतर देशभरातून मदतीचा ओघ सुरू झाला. त्यात जुन्या कपड्यांचे इतके ढीग आले की ते रस्त्याच्या कडेला, मोकळ्या मैदानात पडून राहिले. किनाऱ्यावरच्या कोळी कुटुंबांना जे कधीच वापरता येणार नव्हते असे कपडे, फाटलेले कपडे, न धुतलेले कपडे. ज्याचे घर, नाव, जाळे आणि माणसे एका सकाळी गेली, त्याच्या पुढ्यात कोणीतरी आपले कपाट रिकामे करून टाकले होते. त्याने ते उचलले नाहीत. काहींना तेव्हा या लोकांच्या स्वाभिमानाचा राग आला, ‘गरज आहे तरी नखरे आहेत’ असेही उद्गार निघाले. वास्तविक त्या कोळ्यांनी नचिकेत्याचाच प्रश्न न बोलता विचारला होता.

त्या ढिगांची निवड करून त्यांचा उपयोग करण्याचे काम ज्यांनी हाती घेतले त्यांत दिल्लीची ‘गूंज’ ही संस्था होती. 1999 साली ती सुरू करणारे अंशु गुप्ता यांना 2015 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कामाकडे ते का वळले हे सांगताना त्यांनी दिल्लीतील एक प्रसंग अनेकदा सांगितला आहे. बेवारस प्रेते उचलणाऱ्या एका कामगाराच्या लहान मुलीने त्यांना सांगितले की थंडी फार वाजली की ती प्रेताला बिलगून झोपते. प्रेत कूसही बदलत नाही आणि त्रासही देत नाही. राजधानीच्या शहरातील हा प्रसंग आहे. या संस्थेने पुढे जे धोरण ठेवले ते लक्षात घेण्यासारखे आहे. आलेले कापड जसेच्या तसे पुढे ढकलायचे नाही. ते निवडायचे, धुवायचे, दुरुस्त करायचे, जोड्या लावायच्या आणि अंगावर घालण्याजोगे जे नाही त्या सुती कापडापासून स्त्रियांच्या मासिक पाळीसाठी स्वच्छ घड्या करायच्या. कापड तेच, पण त्यावर कोणाचे तरी श्रम पडले आणि मग ते देण्यायोग्य झाले.

गोधडीचेही तेच आहे. तिच्यात नवे असे काहीच नसते. वाजश्रवसाच्या गायी जुन्या होत्या, गोधडीतले लुगडेही जुनेच असते. फरक असा की त्या गायींसाठी वाजश्रवसाने काहीही केले नाही, त्या फक्त गोठ्यातून बाहेर काढल्या. जुनेराची गोधडी होते तेव्हा घरातील स्त्री त्यासाठी आपल्या दुपारच्या वेळातले कित्येक दिवस देते. घेणाऱ्याच्या हाती पडते ते कापड नसते, ते दिवस असतात. जुने देणे आणि जुन्यातून नवे घडवून देणे, यांत हे अंतर आहे. सांगायला थोडे कठोर वाटेल, पण ज्या घरात कपाट आवरणे आणि दान करणे या दोन गोष्टी एकाच दिवशी होतात, तिथे दान कोणाचे झाले हे एकदा तपासून पाहावे. बहुधा ते कपाटालाच झालेले असते.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत विद्या पूर्ण करून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतात, त्यात दान श्रद्धेने द्यावे हे तर आहेच, पण ते लज्जेनेही द्यावे असा भाव आहे. देताना लाज कसली? आपल्यापाशी इतके असताना आपण एवढेसेच देत आहोत, याची. छायाचित्रात ब्लँकेटला स्पर्श करणाऱ्या हातांना ही लाज ठाऊक नसते.

अर्थात गोधडी हे सर्व प्रसंगांवरचे उत्तर नाही, आणि तसे मानणे हा भाबडेपणा होईल. 26 जानेवारी 2001 च्या सकाळी कच्छमध्ये भूकंप झाला. दिवस थंडीचे, घरे जमीनदोस्त, आणि लाखो माणसे उघड्यावर. अशा वेळी रात्र पडण्यापूर्वी हजारो पांघरुणे लागतात. ती पानिपतसारख्या ठिकाणच्या गिरण्यांतूनच येऊ शकतात. तिथे वर्षानुवर्षे परदेशातून येणाऱ्या टाकाऊ लोकरी कपड्यांचे पिंजून सूत काढले गेले आणि त्याची स्वस्त ब्लँकेटे देशभरातील मदतकार्यात वापरली गेली. आपत्तीत तीच उपयोगी. अकरा हजार टाके घालीत बसायला तिथे वेळ नसतो. गोधडीची जागा वेगळी आहे. जिथे घेणारा ठाऊक आहे, त्याची गरज आधी कळली आहे आणि ती गरज एका रात्रीची नसून वर्षानुवर्षांची आहे, तिथे गोधडी द्यावी. सेवाकार्यात या दोन जागांची गल्लत झाली की दोन्हीकडे नुकसान होते.

असे घेणारे कोण? सर्वांत लहानापासून सुरुवात करावी. नवजात बालकाचे, विशेषतः कमी वजनाच्या बालकाचे शरीर स्वतःची उष्णता टिकवू शकत नाही, आणि बाळ गार पडणे हे त्याच्या मृत्यूला हातभार लावणारे एक कारण आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याची जी पद्धत उभी केली, तिचे निष्कर्ष 1999 साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू बासष्ट टक्क्यांनी घटले. त्यात औषधे होती, श्वास गुदमरलेल्या बाळावरचे उपचार होते, स्तनपानाचा आग्रह होता आणि बाळाला उबदार ठेवण्याची साधी शिस्तही होती. यश सगळ्याचे मिळून आहे, एकट्या पांघरुणाचे नाही. पण ऊब ही चैन नसून उपचाराचा भाग आहे, एवढे त्यावरून नक्की कळते. मेळघाटात, सातपुड्याच्या पाड्यांवर बाळंतिणीपाशी दोन-तीन दुपटी असणे याला म्हणूनच अर्थ आहे. ती हलकी असावीत, दोन-तीन थरांहून अधिक नकोत, आणि बाळाच्या तोंडावर सरकणार नाहीत अशा बेताची असावीत. वजनदार गोधडीखाली तान्हे बाळ झोपवू नये, हे देताना आवर्जून सांगावे. आईच्या अंगाशी धरलेले बाळ आणि वर दुपटे, ही सर्वांत चांगली व्यवस्था.

दुसरे घेणारे ऊसतोड कामगारांची मुले. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. पुढचे पाच-सहा महिने त्यांचे घर म्हणजे शिवारातली कोपी. उसाच्या फडाला पाणी पाजलेले असते, जमीन ओली असते आणि थंडी अंथरुणाखालून येते. तोडणी पहाटेच्या अंधारात सुरू होते, आई-बाप फडात आणि मूल कोपीत किंवा गाडीच्या आडोशाला. या मुलांना पांघरायला जशी गोधडी हवी तशीच अंथरायलाही हवी. काही मुले गावातच आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहांत राहतात. त्यांच्याकडून घरातले बरेचसे अंथरूण-पांघरूण आईबरोबर गेलेले असते. मुले मागत नाहीत, म्हणून कळत नाही.

तिसरे घेणारे शहराच्या मधोमध आहेत. परळला टाटा रुग्णालयाच्या परिसरात देशभरातून येणाऱ्या कर्करुग्णांचे नातेवाईक पदपथावर दिवस काढताना दिसतात. रुग्णाला खाट मिळते, त्याच्याबरोबर आलेल्या आईला किंवा भावाला मिळत नाही. नाना पालकर स्मृती समितीसारख्या संस्था 1968 पासून रुग्ण आणि त्यांच्या नातलगांच्या निवाऱ्याचे काम करीत आहेत. पण गरज अशी की कितीही केले तरी दारापाशी रांग उरतेच.

इथे गाडगेबाबांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. 1876 साली अमरावती जिल्ह्यातील शेणगावात जन्मलेल्या या महापुरुषाला लोक गोधडेबुवा म्हणत, चिंधेबुवाही म्हणत, कारण अंगावर ठिगळांचेच वस्त्र असे. हातात गाडगे, अंगावर चिंध्या, आणि उभ्या राहिल्या त्या धर्मशाळा. पंढरपूर, नाशिक, आळंदी या तीर्थक्षेत्रांत आणि मुंबईत रुग्णांच्या नातलगांसाठीही. उघड्याला वस्त्र देणे हे त्यांच्या शिकवणुकीतील धर्माच्या व्याख्येतच होते. त्यांच्या अंगावरच्या गोधडीचे गुणगान पुष्कळ झाले आहे, तिचा अर्थ मात्र थोड्यांनी घेतला. बाबांनी चिंध्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. दुसऱ्याला देताना त्यांनी दगडी इमारती दिल्या. सामान्य माणूस याच्या नेमके उलट करतो, चांगले ते अंगावर ठेवतो आणि चिंध्या दान करतो.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी, कारण सेवाकार्य व्यवहारावरच फसते. कापड निव्वळ सुती हवे. आजच्या बहुतेक साड्या कृत्रिम धाग्याच्या आहेत. त्यांना घाम शोषता येत नाही, त्या अंगावरून सरकतात आणि चुलीजवळ ठिणगी पडली तर त्या वितळून कातडीला चिकटतात. कोपीत आणि पाड्यावर माणसे चुलीच्या उबेलाच झोपतात, म्हणून हा मुद्दा जिवाचा आहे. सुती साड्या घरात उरल्या नाहीत अशी तक्रार होईल, आणि ती खरी आहे. पण जुन्या सुती चादरी, धोतरे, पंचे, लेंगे, सुती परकर यांतून भर निघते. जरीचे काठ उतरवून घ्यावेत, ते टोचतात. साडी सगळीकडे सारखी विरत नाही. हात लावून पाहावा, विरलेला भाग मधल्या थरात घालावा, धड असलेला बाहेर ठेवावा. वसतिगृहासाठी किंवा रुग्णालयासाठी शिवायची तर चार थर पुरेत. सहा थरांची गोधडी ओली झाली की दोन माणसांना पिळत नाही, आणि तिथे ती वरचेवर धुवावी लागणार आहे. जुने कापड शिवण्यापूर्वी उकळत्या पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवावे, शिवल्यानंतर पुन्हा एकदा. आणि द्यायच्या आधी त्या त्या वसतिगृहाच्या, धर्मशाळेच्या कार्यकर्त्याला विचारावे: किती हव्यात, किती लांबीच्या, मुलांच्या की मोठ्यांच्या, ठेवायला जागा आहे का? हरंगुळचे निवासी विद्यालय असो, यमगरवाडीचे भटक्या-विमुक्तांच्या मुलांचे वसतिगृह असो की कल्याण आश्रमाचे एखादे छात्रावास, तिथले कार्यकर्ते मोकळेपणाने सांगतात. न विचारता आलेला टेम्पो त्यांच्यासाठी पुष्कळदा संकट असतो, पण दात्याचे मन मोडू नये म्हणून ते हसून उतरवून घेतात.

एक प्रश्न राहतो आणि तो टाळण्यासारखा नाही. गोधड्या शिवून देणे हा कित्येक गरीब स्त्रियांचा उदरनिर्वाह आहे. पुण्यासारख्या शहरात रस्त्याच्या कडेला बसून, मराठवाड्यातील गावांत दारोदार फिरून त्या मजुरीवर गोधड्या शिवतात. नोकरदार घरांतील सर्वच भगिनींना अकरा हजार टाके घालणे शक्य नाही. कोणाचे डोळे साथ देत नाहीत, कोणाच्या घरी दुखणेकरी असतो. त्यांनी कापड स्वतः जमवावे, धुवावे, निवडावे, आणि शिवणकाम अशा एखाद्या स्त्रीकडे द्यावे. मात्र गोधडी दानासाठी आहे हे सांगून मजुरी पाडून मागू नये. हा मोह फार सभ्य घरांनाही होतो. ‘पुण्याचे काम आहे, थोडे कमी घ्या’ असे म्हणताना पुण्य एकाचे आणि झीज दुसरीची, अशी वाटणी होते. उलट ठरलेल्या मजुरीत चार रुपये अधिक घालावेत. समरसतेवर व्याख्याने बरीच होतात. सेवावस्तीतील शिवणाऱ्या बाईच्या शेजारी जमिनीवर बसून तिच्याकडून दोरा घालायला शिकणे हे त्यापेक्षा कठीण आहे, आणि जी सेविका ते करील तिला त्या वस्तीविषयी एका दुपारी जे कळेल ते अहवालातून कळणार नाही. गोधडी शिवताना हात गुंतलेले असतात, डोळे खाली असतात, म्हणून बायका मनातले बोलतात. कोणाची मुलगी शाळेतून काढली, कोणाचा नवरा पितो, कोणाच्या घरात आठवडाभर शिजलेले नाही, या गोष्टी तिथेच बाहेर येतात.

बैठका तशा व्हाव्यात. घरी एकटीने शिवण्यापेक्षा चौघी चार कडांना बसल्या की एक गोधडी लवकर उरकते आणि कंटाळाही येत नाही. मुलींना आणि मुलांनाही जवळ बसवावे. सुईत दोरा ओवून देण्याचे काम सहा वर्षांचे मूल आनंदाने करते, आणि आजीला चष्म्याविना ते जमत नाही, म्हणजे दोघांची सोय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकच्या डब्या लुटण्याची जी टूम निघाली आहे, तिच्याऐवजी येणाऱ्या प्रत्येकीने एक स्वच्छ सुती जुनेर आणावे आणि यजमानीणबाईंनी तिळगुळाबरोबर सुई-दोऱ्याचे वाण द्यावे, अशी सूचना या निमित्ताने पुढे आली आहे. ती विचारात घेण्याजोगी आहे. चाळीस जणी आल्या तर दहा-बारा मोठ्या गोधड्यांचे कापड एका संध्याकाळी जमते.

पण त्या संक्रांतीलाच द्यायच्या नाहीत. आज जमलेले कापड माघ-फाल्गुनात निवडून ठेवावे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात धुवून वाळवावे, त्या उन्हात कापड निर्मळ होते. आषाढ-श्रावणात बाहेरची कामे कमी असतात, पावसामुळे घराबाहेर पडणे होत नाही, तेव्हा शिवायला बसावे. नवरात्रापूर्वी घरोघरी दसरा काढतात, सगळी पांघरुणे धुवून निघतात, त्याच धुण्यात या नव्या गोधड्याही पुन्हा धुवाव्यात. आणि कोजागरी होण्यापूर्वी त्या ज्याच्या त्याच्या दारी पोहोचवाव्यात, उसाच्या गाड्या गावातून निघण्याच्या आत. कोपऱ्यावर दात्याचे नाव शिवू नये. त्याऐवजी कापडाचे एखादे फूल बसवता आले तर पाहावे.